माशांचं दुःख पाहणारे सौभरी आणि माझी जीभ



आजचं वाचन: श्रीमद्भागवत, दशम स्कंध, अध्याय १७.

कालियामर्दन आपल्या सगळ्यांना पाठ आहे. डोहाचं पाणी विषानं उकळतंय, वरून उडणारी पाखरं पाण्यात पडतायत, आणि कान्हा कदंबावरून थेट आत उडी घेतो. ही गोष्ट झाली अध्याय १६ ची. पण पुढच्या अध्यायाच्या सुरुवातीलाच परीक्षित राजा एक साधा प्रश्न विचारतो, आणि आपण बहुतेक वेळा तो वाचून तसेच पुढे जातो. कालिया तर रमणक बेटावर राहणारा. मग आपलं घर सोडून तो यमुनेच्या डोहात आलाच कशाला?

शुकाचार्य सांगतात, त्यानं गरुडाशी वैर घेतलं, मार खाल्ला आणि पळ काढला. आणि लपायला नेमका हाच डोह निवडला, कारण गरुड तिथं पाऊल ठेवू शकत नव्हता. का? तर सौभरी ऋषींचा शाप होता. एकदा भुकेलेला गरुड त्या डोहावर आला. ऋषींनी नको म्हटलं तरी त्यानं माशांचा जो मुखिया होता त्याला उचलून खाल्लं. मागे राहिलेले मासे दुःखानं कासावीस झाले. ते पाहून ऋषींना दया आली आणि त्यांनी गरुडाला शाप दिला: पुन्हा इथं येऊन मासे खाल्लेस तर प्राणाला मुकशील.

मी आज इथंच थांबलो. एका मुद्द्यावर नाही, दोन मुद्द्यांवर. पहिला हा की भागवत सरळ म्हणतं, मासे दुःखी झाले. पाणी हललं नाही, मासे पळाले नाहीत, दुःखी झाले. खरंच मासा दुःखी होतो का? आणि दुसरा मुद्दा माझ्या स्वतःच्या एका जुन्या पापाचा आहे. तो शेवटी सांगतो, कारण तो सांगायला मला थोडी हिंमत गोळा करावी लागणार आहे.

माझं गाव मुदखेड. नांदेडहून रेल्वेनं जवळच, जंक्शनचं गाव. नोकरीमुळे मी पुण्यात असतो, पण शाळा संपेपर्यंत तिथंच वाढलो. आमच्या गल्लीच्या टोकाला भोई समाजाचं एक घर होतं, अजूनही आहे. त्या घरातले काका गोदावरीवर आणि आसपासच्या तळ्यांवर मासेमारी करायचे, आणि मावशी बाजाराच्या दिवशी मासळी घेऊन बसायच्या. लहानपणी मी काकांच्या मागे लागून दोन-चार वेळा पाण्यावर गेलो होतो. आमच्या घरात माळकरी आजोबा, त्यामुळे घरी सांगायची सोय नव्हती!

काका गळ टाकून बसले की बोलत नसत. एकदा मी विचारलं, "काका, माशाला काही कळतं का हो?" ते पाण्याकडे बघतच म्हणाले, "माशाला काई कळत न्हाई म्हणणाऱ्यानं येक दिवस गळ टाकून बसावं. येकदा गळाला लागून सुटला की मंग तो लवकर फसत न्हाई बघ."

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली होती, ती मी विसरलो नाही. मरळ माशाची पिल्लं लालसर रंगाची असतात आणि पुंजक्यानं पाण्याच्या वर येतात. "त्या पुंजक्याच्या खाली मायबाप हायेतच म्हणून समज. पिल्लं सोडून हलत न्हाईत, म्हणून तर सापडतेत. येकदा म्या धरली. दोन दिस ती पिल्लं तिथंच फिरू लागली. मंग पुंजक्याखालची मरळ म्या पुन्हा न्हाई धरली."

काकांनी भागवत वाचलेलं नाही. पण सौभरींनी डोहात जे पाहिलं, तेच त्यांनी तळ्यात पाहिलं होतं.

आता विज्ञान काय म्हणतं ते पाहू. गेल्या काही दिवसांत मी हे विषय जरा चाळले, आणि मला जे खात्रीचं वाटलं तेवढंच सांगतो.

काकांची गळाची गोष्ट अगदी खरी आहे. नेदरलँड्समध्ये कार्प माशांवर केलेला एक अभ्यास १९७० साली प्रसिद्ध झाला. आपला रोहू, कटला ज्या कुळातले, त्याच कुळातला हा मासा. एकदा गळाला लागलेला कार्प त्यानंतर बराच काळ गळ टाळत राहतो, एका अनुभवातच शिकतो, असं त्यात दिसलं. ऑस्ट्रेलियातले शास्त्रज्ञ कुलम ब्राउन यांनी तिथल्या रेनबोफिश नावाच्या छोट्या माशांना टाकीत ओढत आणलेल्या जाळ्यातलं एक भोक शोधून निसटायला शिकवलं. पाच फेऱ्यांत मासे शिकले. मग तब्बल ११ महिन्यांनी पुन्हा तेच जाळं लावलं, तर त्यांना ते भोक आठवत होतं. "माशाची आठवण तीन सेकंदांची" असं आपण जे हसत हसत म्हणतो ना, त्याला काही आधार नाही.

वेदनेचं काय? २००३ साली स्कॉटलंडमधल्या रोझलिन इन्स्टिट्यूटमध्ये लिन स्नेडन, व्हिक्टोरिया ब्रेथवेट आणि मायकेल जेंटल यांनी ट्राउट माशांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. माशाच्या तोंडावर आणि डोक्यावर त्यांनी ५८ संवेदनाग्राही जागा तपासल्या, त्यांपैकी २२ जागा इजा ओळखणाऱ्या निघाल्या. मग काही माशांच्या ओठांत मधमाशीचं विष किंवा व्हिनेगरमधलं आम्ल टोचलं. ते मासे तळाशी बसून डुलू लागले, काहींनी ओठ खड्यांवर घासले, आणि खाण्याकडे यायला त्यांना बाकीच्यांपेक्षा फार जास्त वेळ लागला. मॉर्फिन दिल्यावर हे वागणं कमी झालं. नुसती शरीराची झटका देणारी प्रतिक्रिया असती तर वेदनाशामकानं एवढा फरक पडला नसता, असा त्यांचा युक्तिवाद.

सगळ्यांना हे पटलेलं नाही, हेही सांगायला हवं. जेम्स रोझ, ब्रायन की यांच्यासारखे शास्त्रज्ञ म्हणतात की माणसाच्या मेंदूचा जो बाहेरचा थर वेदना 'जाणवून' घेतो, तो माशाला नाहीच. मग जाणवणार कुठे? यावर दुसरी बाजू म्हणते की तसा थर पक्ष्यांनाही नाही, तरी कावळ्याची हुशारी आपण मान्य करतोच ना. वाद चालू आहे.

जपानमध्ये ओसाका इथे मासानोरी कोहदा यांच्या गटानं तर एका बोटाएवढ्या माशाला आरसा दाखवला. हा सफाई करणारा मासा, मोठ्या माशांच्या अंगावरचे परजीवी किडे वेचून खातो. त्याच्या गळ्यावर किड्यासारखा दिसणारा तपकिरी ठिपका केला. तो ठिपका त्याला आरशाशिवाय दिसणं शक्यच नव्हतं. २०१९ च्या त्या अभ्यासात चारपैकी तीन मासे आरशात पाहून खाली गेले आणि गळा वाळूवर घासू लागले. म्हणजे आरशातला तो 'मीच' हे त्यांना कळलं का? ही आरशाची परीक्षा १९७० मध्ये ज्यांनी शोधली त्या गॉर्डन गॅलप यांना स्वतःला हे पटलं नाही.

याच जातीच्या माशाची अजून एक गंमत आहे. रेडुआन बशारी आणि अलेक्झांड्रा ग्रुटर यांनी २००६ मध्ये दाखवलं की या माशाला खरं तर किड्यांपेक्षा गिऱ्हाइकाच्या अंगावरचा चिकट थर जास्त आवडतो, आणि तो चावून खाणं ही त्याची लबाडी. पण दुसरं गिऱ्हाईक बघत असेल तर तो सचोटीनं वागतो! हे वाचून मला हसू आलं. देवळात कुणी ओळखीचं दिसलं की आपलाही जप जरा ठसठशीत होतोच की.

आणि आता सौभरींच्या डोहापर्यंत पोचवणारा अभ्यास. झेब्राफिश हा आपल्याच मातीतला, बोटाच्या दोन पेरांएवढा पट्टेरी मासा. १८२२ मध्ये फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगेच्या माशांवरच्या ग्रंथात त्याची शास्त्रीय नोंद केली. आज जगभरच्या प्रयोगशाळांत तो आहे. कोलकात्याच्या आयसरमध्ये अनुराधा भट यांचा गट आपल्याकडच्या ओढ्या-तळ्यांतल्या झेब्राफिशचं शिकणं, धीटपणा, आठवण यांचा अभ्यास करतो. पूर्वी, १९३८ साली, कार्ल फॉन फ्रिश यांनी दाखवलं होतं की मासा जखमी झाला की त्याच्या कातडीतून एक द्रव्य पाण्यात सुटतं आणि बाकीचे घाबरतात. पण २०२३ मध्ये पोर्तुगालमधल्या रुई ओलिवेरा यांच्या गटानं त्याहून पुढचं पाहिलं. एका झेब्राफिशला घाबरलेलं नुसतं बघूनच दुसरा घाबरतो, आणि यामागे ऑक्सिटोसिन आहे. आई-बाळाच्या मायेशी ज्याचं नाव आपण जोडतो, तेच ते रसायन. ज्या माशांत त्याचं काम बंद केलं होतं, ते दुसऱ्याच्या भीतीनं हलले नाहीत. ऑक्सिटोसिन दिल्यावर पुन्हा हलू लागले.

थोडक्यात, एकाचं भय दुसऱ्याला लागतं. माशांमध्येही.

मंडळी, इथे एक मोह आवरायला हवा. "बघा, आमच्या भागवतात हे आधीच लिहिलंय!" असं स्टेटस टाकायचा मोह. मलाही झाला. पण जरा विचार करा. भागवतकारांनी कुठलाही प्रयोग केला नव्हता, आणि शास्त्रज्ञांनी सौभरींना शोधायला प्रयोग केले नाहीत. भीती एकापासून दुसऱ्याला लागणं म्हणजे शोक नव्हे, हेही शास्त्रज्ञ आपल्याला सांगतील आणि ते बरोबरच असेल. शास्त्राला विज्ञानाचं सर्टिफिकेट मिळालं म्हणून आनंद मानायचा, तर उद्या एखाद्या प्रयोगात उलटं निघालं की काय दया मागे घ्यायची?

माझ्यासाठी खरा प्रश्न वेगळा आहे. दयेला पुरावा लागतो का?

सौभरींना लागला नाही. त्यांनी पाहिलं आणि त्यांचं मन द्रवलं. आपल्याला शंका असेल तर शंकेचा फायदा कुणाला द्यायचा, एवढाच प्रश्न उरतो. मासा दुःखी होत नसताना मी जपून वागलो, तर माझं फारसं काही गेलं नाही. मासा दुःखी होत असताना मी बेफिकीर वागलो, तर त्याचं सगळंच गेलं. हा हिशोब मला पुरतो.

पण उलट बाजूनं पाहा. पुरावा मिळाला, माहिती मिळाली, म्हणून दया येते का? तेही नाही. आपल्या लातूर-नांदेडच्या शेजारीच बसवकल्याण आहे, जुनी कल्याणी, चालुक्यांची राजधानी. तिथल्या सोमेश्वर तिसरा या राजानं बाराव्या शतकात 'मानसोल्लास' हा ग्रंथ रचला. त्यात 'मत्स्यविनोद' असं एक प्रकरणच आहे: मासे कोणते, त्यांना खायला काय आवडतं, त्यांना कसं भुलवायचं. सुंदरलाल होरा हे आपले मोठे मत्स्यशास्त्रज्ञ, त्यांनी विसाव्या शतकात या प्रकरणाचा मुद्दाम अभ्यास केला. राजानं माशाचं मन केवढं बारकाईनं पाहिलं असेल! पण कशासाठी? गळासाठी. आणि ट्राउटच्या ओठात विष टोचल्याशिवाय आपल्यालाही त्याची वेदना कळली नाही, ही गोष्टसुद्धा सोपी नाही. माहिती आणि दया या दोन वेगळ्या नद्या आहेत. त्यांचा संगम आपोआप होत नाही.

आता सौभरींकडे परत येऊ, कारण गोष्ट संपलेली नाही.

त्यांची दया खरी होती. पण त्या दयेतून बाहेर काय आलं? शाप. आणि शापाचा परिणाम काय झाला? गरुड तिथं येत नाही हे एकट्या कालियाला ठाऊक होतं. तो त्याच डोहात येऊन राहिला. त्याच्या विषानं अख्खा डोह नासला. एका माशाला खाणाऱ्याला दूर ठेवलं, आणि जिथे कुणीच तगू शकत नाही असं पाणी झालं. ज्यांच्यासाठी शाप दिला, त्या माशांच्या वाट्याला काय आलं असेल?

भागवतातच नवव्या स्कंधात सौभरींची दुसरी गोष्ट येते. पाण्यात तप करताना त्यांना माशांचं जोडपं दिसलं, मन चळलं, आणि ते मांधात्याच्या पन्नास मुलींशी लग्न करून संसारात गुरफटले. काही वैष्णव आचार्य या दोन गोष्टी जोडतात. ते म्हणतात, गरुड हा भगवंताचा दास. त्याचा अपराध घडला, म्हणून एवढ्या मोठ्या तपस्व्याचं तप घसरलं. माशांवर दया केली म्हणून ते पडले नाहीत हं. दया करताना दुसऱ्याला तुच्छ लेखलं, म्हणून पडले.

आता ती हिंमत.

मी पुण्यात नोकरीला लागल्यावर वर्षभरात माळ घातली. नवा नवा उत्साह होता. त्या वर्षी गावी सप्ताहाला गेलो आणि शिधा घेऊन पावती फाडायच्या टेबलावर बसलो. लोक पीठ, डाळ, गूळ आणून देत होते. मावशी आल्या, त्याच, गल्लीच्या टोकावरच्या. डोक्यावर ज्वारीचं अर्धं पोतं. खाली ठेवलं, पदरानं घाम पुसला. आणि मी सगळ्यांच्या समोर म्हणालो, "मावशी, ही मासळीच्या पैशातली ज्वारी ना? देवाच्या पंगतीला कशी चालेल?"

कुणीच काही बोललं नाही. वयानं मोठी माणसं होती तिथं, तीही गप्प. मावशींनी पोतं पुन्हा डोक्यावर घेतलं. मी उचलायलासुद्धा हात लावला नाही. त्या गेल्या. आणि मी मनात म्हणालो, आज आपण धर्म पाळला.

अकराव्या स्कंधात अवधूत आपल्या २४ गुरूंची नावं सांगतो, त्यात मासाही आहे. पैठणच्या नाथबाबांनी याच स्कंधावर टीका लिहिली आणि १५७३ मध्ये काशीत ती पूर्ण केली. मासा गुरू कसा? तो जिभेच्या चवीपायी गळाला लागतो आणि जिवाला मुकतो. म्हणून जीभ जिंकावी, असा तो पाठ. मी हा पाठ किती वेळा वाचला असेन! आणि दर वेळी मनात समाधान: आपण जिंकली बुवा जीभ, मासे-मटण केव्हाच सुटलं.

पण जिभेला कामं दोन आहेत. चव घेणं आणि बोलणं. मी एकच जिंकलं होतं. दुसऱ्या कामानं मी एका बाईला भर मंडपात गळ टोचला.

महाभारताच्या वनपर्वात कौशिक नावाचा तपस्वी येतो. झाडाखाली बसलेला असताना एका बगळीनं अंगावर घाण केली म्हणून त्यानं रागानं वर पाहिलं, आणि ती मरून पडली. पुढे धर्म शिकायला त्याला मिथिलेला जावं लागलं, कुणाकडे? मांस विकणाऱ्या व्याधाकडे. तो धर्मव्याध स्वतःचा धंदा चांगला आहे असं म्हणत नाही. तो दारुण आहे, हे कबूल करतो. पण तो असंही दाखवून देतो की नांगर चालवतानाही जमिनीतले किती जीव मरतात. पूर्ण अहिंसक कोण आहे?

माझं ताट मी त्या नजरेनं पाहिलं. ज्या ज्वारीला मी विटाळ मानला, ती कुठल्याही शेतातून आली तरी जीव मारूनच आलेली. आणि गोदावरी? नांदेडच्या घाटावर आपण निर्माल्य प्लास्टिकच्या पिशवीसकट सोडतो, दिवे सोडतो. मीही सोडलंय. घरातलं सांडपाणीही शेवटी नदीच शोधतं. पाण्यातला प्राणवायू कमी झाला की मासे वर येऊन तोंड उघडतात, मग पोट वर करून तरंगतात. त्यांना कुणी गळ लावलेला नसतो. त्यांना मारणाऱ्यांत मांसाहारी किती आणि माळकरी किती, कोण मोजणार? कालियाचा डोह आपणही बनवतोच आहोत, फक्त थोडा थोडा, आणि हात जोडून.

इथे तुमच्यापैकी कुणीतरी म्हणेल, आणि बरोबर म्हणेल: "दादा, मग काय, सगळंच चालतं म्हणायचं? माशाला वेदना होत असतील तर मारणारा गरीब असो की श्रीमंत, माशाला काय फरक पडतो?" काहीच फरक पडत नाही. हे मी नाकारत नाही. हे संशोधन वाचून माझा स्वतःचा नियम उलट घट्ट झाला आहे. पूर्वी मी मासे खात नव्हतो कारण माळ आहे. आता खात नाही कारण त्या ट्राउटचं डुलणं डोळ्यांसमोर येतं. आणि कुणी मला विचारलं तर मी हे सांगेनही.

पण सांगणं आणि टोचणं यात फरक आहे. काका आणि मावशींच्या हातात तीन पिढ्या जाळंच आलं. माझ्या हातात लॅपटॉप आला, त्यात माझं कर्तृत्व किती? ज्यानं पुंजक्याखालची मरळ सोडून दिली, त्यानं आपल्या पोटाला चिमटा घेऊन सोडली. मी जे सोडलं, त्यानं माझी एक वेळची भाकरीही कमी झाली नाही. कुणाचा त्याग मोठा? मला याचं उत्तर नीट देता येत नाही, आणि म्हणूनच त्या टेबलावर बसून न्याय करायचा अधिकार मला नव्हता.

एखाद्या जागी लोकांची श्रद्धा माशांना खरोखर वाचवते, तिथं काय घडतं पाहा. रायगड जिल्ह्यात महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड आहे. तिथल्या डोहातले महसीर हे देवाचे मासे मानतात, कुणी धरत नाही, येणारा माणूस त्यांना चुरमुरे टाकतो. तिथं कुणाला शाप द्यावा लागला नाही. गावानं मिळून एक डोह देवाला दिला, बस. शापानं राखलेला डोह विषाचा झाला. मायेनं राखलेल्या डोहात मासे आहेत. मला तरी यातून एक वाट दिसते.

गेल्या महिन्यात गावी गेलो तेव्हा मावशींकडे गेलो. किती वर्षं त्या घरासमोरून मान खाली घालून गेलो होतो! काका आता थकलेत, बाजेवर बसून असतात. मावशी म्हणाल्या, "बस की बाळा. पुण्याहून कधी आलास?" चहा आला. मी घेतला. मग कसंबसं म्हणालो, "मावशी, त्या सप्ताहात मी तुम्हाला बोललो होतो..."

त्यांनी मला वाक्य पूर्ण करू दिलं नाही. कप उचलता उचलता म्हणाल्या, "त्या जवारीच्या भाकरी केल्या, लेकरांनी खाल्ल्या. वाया न्हाई गेली."

एवढंच. "जाऊ दे" म्हणाल्या नाहीत. "माफ केलं" म्हणाल्या नाहीत. आणि त्या विसरल्या नव्हत्या, हे तर कळलंच. बाजेवरून काकांनी विचारलं, "पुण्यात नदी हाय का रं?" मी म्हणालो, "आहे काका." "मासे हायेत का तिच्यात?" मला उत्तर देता आलं नाही. मी रोज तिच्या पुलावरून जातो. कधी खाली पाहिलंच नव्हतं.

भागवताच्या त्या गोष्टीत शेवटी डोह स्वच्छ होतो तो कृष्णामुळे. आणि कृष्ण कालियालासुद्धा मारत नाही, लक्षात घ्या. त्याला त्याच्या घरी परत पाठवतो, आणि त्याच्या फण्यांवर आपल्या पावलांची खूण ठेवतो, म्हणजे आता गरुडाचंही भय उरत नाही. मासे, नाग, गरुड, सगळ्यांची सोय. एकाची बाजू घेताना दुसऱ्याला चिरडावं लागलं नाही. सौभरींच्या दयेत हेच राहून गेलं होतं, आणि माझ्या धर्मातही.

आजचा अभ्यास, जमेल तेवढा:

१. आज कुठल्याही पाण्यापाशी, नदी, तलाव किंवा घरातली काचेची टाकी, पाच मिनिटं शांत उभं राहा आणि आत कोण आहे ते बघा. फोन खिशातच ठेवा.

२. निर्माल्य या आठवड्यात पाण्यात सोडू नका. कुंडीत, झाडाच्या मुळाशी घाला.

३. आपल्या नियमाच्या जोरावर आपण कुणाला बोललो असू, तर ते नाव आठवा. आठवलं की पुढचं काय करायचं ते तुम्हाला कळेलच.

माझं तिसरं अजून अर्धंच झालंय. यंदाच्या सप्ताहाला मी पावतीच्या टेबलावर बसणार नाही. आधी त्या घरी जाऊन विचारणार आहे, ज्वारी द्याल का म्हणून. दिली तर पोतं मी डोक्यावर आणीन. नाही दिली, तर तेही मला चालवून घ्यावं लागेल.

राम कृष्ण हरी.